नोडच्या इंटरफेसमध्ये काय ठेवायचं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेले चौघे कळमना बाजारातल्या एका अडत्याच्या हिशेबासाठी सूत्रं लिहायची छोटी भाषा जावामध्ये करताहेत. ‘हमाली = पोती * ८’ अशी ओळ मुनीमाने मराठीत टाकायची आणि प्रोग्रामने ती वाचून हिशेब करायचा. लेक्सर (ओळीचे टोकन म्हणजे तुकडे पाडणारा) झाला, पार्सर (त्या टोकनांचं झाड बांधणारा) चालतो, पण झाडाच्या नोडचा, म्हणजे एकेका गाठीचा, इंटरफेस (कोणत्याही नोडला काय विचारता येतं त्याची यादी) फुगत चाललाय. आज त्यात चौदा मेथड आहेत आणि बहुतेक क्लासमध्ये त्यातल्या निम्म्या नुसता एक्सेप्शन फेकतात. गाइड म्हणतात व्हिजिटर पॅटर्न लावा, म्हणजे झाडावर करायचं प्रत्येक काम नोडबाहेर वेगळ्या क्लासमध्ये ठेवा. एक सीनियर म्हणतो, एकच नोड क्लास ठेवा आणि आत एक मॅप, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांचा तक्ता, टाका. काय करावं?

परसोडीच्या आयटी पार्कात बसून मी बरीच वर्षं बिलिंगची सॉफ्टवेअर आणि त्यांच्या पोटातल्या अशाच छोट्या भाषा करत आले आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे सांगते की विषय चांगला निवडलात. बाजाराचे नियम बदलत राहतात. २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं राज्यात ठरलं. अडतीचं गणित कोडात पुरलेलं असेल तर अशा वेळी प्रोग्रामर हाताशी लागेपर्यंत बिलं अडकतात. सूत्र मुनीमाच्या हातात असेल तर तो स्वतः बदलतो. तुमची भाषा खरंच कुणाच्या तरी कामाची आहे, म्हणून तिचा पाया नीट घाला.

तुमच्या चौदा मेथड मी एकेक करून वाचल्या. गेटलेफ्ट, गेटराइट, गेटव्हॅल्यू, गेटनेम, गेटऑपरेटर, सेटपेरेंट, ॲडचाइल्ड, इव्हॅल्युएट, प्रिंट, आणि बाकीच्या. आता एक करा. तुमच्या भाषेतले सगळे नोड डोळ्यांपुढे उभे करा. आकडा, नाव, उणे चिन्ह, बेरीज-गुणाकार, फंक्शनचा कॉल, जर-तर, आणि ‘अमुक = तमुक’ ही नेमणूक. प्रत्येकाला विचारा, तुझी डावी बाजू कोणती? आकड्याला डावी बाजू नसते. फंक्शनला दोन असतील, पाच असतील, एकही नसेल. मग हा प्रश्न सगळ्यांना विचारण्यासारखा नव्हताच. तो फक्त बेरीज-गुणाकाराच्या नोडचा आहे, तर त्याच्याच क्लासमध्ये राहू द्या. इंटरफेसमध्ये तेवढंच ठेवायचं, ज्याचं खरं उत्तर प्रत्येक नोडला देता येतं. नल (‘काहीच नाही’) नाही, एक्सेप्शन नाही, खोटी रिकामी स्ट्रिंगही (मजकूर) नाही.

या चाळणीतून दोनच प्रश्न खाली उतरतात. मूळ मजकुरात तू कुठून कुठपर्यंत आहेस? आणि तुझी मुलं कोण, मजकुरात येतात त्याच क्रमाने? आकड्याची मुलं म्हणजे रिकामी यादी, आणि ते उत्तर खरं आहे. गो भाषेच्या स्वतःच्या एएसटी पॅकेजमध्ये (एएसटी म्हणजे पार्सर बांधतो ते झाड) नोडचा इंटरफेस याहून लहान आहे. त्यात पॉस आणि एंड एवढ्याच दोन मेथड आहेत, म्हणजे सुरुवात आणि शेवट. मुलंसुद्धा तिथे इंटरफेसमधून मिळत नाहीत, झाडावरून फिरणारं वॉक हे वेगळं फंक्शन ते काम करतं. त्या पायावर गोचं फॉरमॅटर, म्हणजे कोड नीट मांडून देणारं साधन, उभं आहे. मुलांची यादी मी तरीही इंटरफेसमध्येच ठेवते. ती असली की झाडावर फिरणारं कोणतंही साधं काम दहा ओळींत होतं.

चौदा मेथड झाल्या कशा, हेही बघा. तुम्ही झाडाकडे पार्सरच्या बाजूने बघत होता. पार्सरला मूल जोडायचं होतं म्हणून ॲडचाइल्ड आलं, वर जायचं होतं म्हणून सेटपेरेंट आलं. पण पार्सर झाड एकदाच बांधतो. त्यानंतर ते वाचणारे अनेक असतात. हिशेब करणारा, ‘पोती’ नावाचं काही आहे का हे तपासणारा, चूक दाखवणारा, सूत्र पुन्हा नीट छापणारा, एडिटरमध्ये रंग भरणारा. इंटरफेस या वाचणाऱ्यांसाठी असतो. बांधणाऱ्याला कन्स्ट्रक्टर, म्हणजे नोड तयार करणारा कोड, पुरतो. खालचे नोड आधी तयार करा, ते हातात घेऊन वरचा बनवा, आणि एकदा बनलेला नोड बदलायचा नाही.

इव्हॅल्युएट नोडमध्ये ठेवण्याचा मोह मलाही होता. छोट्या भाषेत ते फार सोपं दिसतं, प्रत्येक नोड आपला आपला हिशेब करतो. माझ्या पहिल्या मोठ्या कामात आम्ही तसंच केलं. सहा महिन्यांनी ग्राहकाने रास्त मागणी केली. शेतकरी समोर उभा राहून विचारतो, ही रक्कम आली कुठून? तर प्रत्येक पायरीचा आकडा पट्टीवर छापून हवा. म्हणजे त्याच झाडाचं दुसरं वाचन. त्यासाठी आम्हाला एकूण एक नोडचा क्लास उघडावा लागला, आणि चालू हिशेबात दोन ठिकाणी गडबड झाली. तेव्हापासून हिशेब झाडाबाहेर.

आता व्हिजिटरबद्दल. संगणकशास्त्रज्ञ फिलिप वाडलर यांनी १९९८ मध्ये ज्याला एक्स्प्रेशन प्रॉब्लेम हे नाव दिलं, तोच पेच इथे आहे. नवे प्रकार वाढवणं सोपं करावं तर नवी कामं वाढवणं अवघड होतं, आणि उलटंही. कोणती बाजू सोपी हवी ते आपल्या भाषेकडे बघून ठरवायचं. तुमच्या नोडचे प्रकार दहाच्या आत आहेत आणि तिथेच राहतील. कामं मात्र वाढत जाणार. म्हणून कामं बाहेर हवीत, इथपर्यंत तुमचे गाइड बरोबर आहेत. फक्त त्यासाठी व्हिजिटरची दुहेरी उडी, आधी नोडकडे आणि तिथून परत व्हिजिटरकडे, आता लागत नाही. जावा १७ मध्ये, २०२१ साली, सील्ड इंटरफेस (ज्यांचे प्रकार आधीच ठरवून बंद केलेले असतात) कायमचे आले, आणि जावा २१ मध्ये, २०२३ साली, स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग, म्हणजे प्रकार बघून फांदी निवडणं. नोडचा इंटरफेस सील्ड करा, प्रत्येक प्रकार एक रेकॉर्ड (न बदलणारा साधा क्लास) करा, आणि हिशेब करणारं फंक्शन म्हणजे एक स्विच. त्यात ‘डिफॉल्ट’ची फांदी लिहू नका. उद्या नवा प्रकार आला आणि एखाद्या स्विचमध्ये तो राहून गेला, तर कंपायलर तिथेच अडवेल. डिफॉल्ट लिहिलंत की हा पहारेकरी तुम्हीच घरी पाठवला. कॉलेजच्या लॅबमध्ये जुना जावा असेल तर व्हिजिटर वापरा, त्यात कमीपणा नाही.

तुमच्या सीनियरचं म्हणणंही निराधार नाही. ट्री-सिटर या पार्सर बनवायच्या साधनात सगळ्या नोडचा एकच प्रकार असतो, त्यावर जातीचं नाव आणि नावाने मागता येणारी मुलं. पण त्याला शेकडो भाषांची झाडं एकाच दारातून द्यायची असतात. तुमची भाषा एकच आहे. मॅपमध्ये कुणी ‘डावा’ लिहिलं आणि कुणी ‘डावी’ वाचलं, तर ती चूक बिल छापताना कळेल. कंपाइल करताना कळली असती तर काय वाईट?

आता जागेबद्दल, म्हणजे नोड मजकुरात कुठून कुठपर्यंत आहे याबद्दल. तुमच्या चौदा मेथडमध्ये नेमकी हीच नाही. तुम्ही फक्त टोकनवर ओळीचा क्रमांक ठेवलाय. आम्हीही आधी तेवढंच ठेवलं होतं. सूत्र नेहमी एका ओळीचं, कधी दीडशे अक्षरांचं. एक दिवस मुनीमांचा फोन आला, “मॅडम, ओळ तं एकच हाय न. चूक कुठं हाय थे सांगा.” त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ‘ओळ १ मध्ये चूक’ हा संदेश त्यांच्या काहीच कामाचा नव्हता.

जागा म्हणजे दोन आकडे, सुरुवात आणि शेवट, दोन्ही मजकुराच्या आरंभापासून मोजलेले. शेवटचा आकडा नोडच्या शेवटच्या अक्षराच्या पुढचा घ्या. म्हणजे शेवटातून सुरुवात वजा केली की लांबी मिळते, आणि रिकाम्या जागेलाही स्थान देता येतं, ते पुढे लागेल. ओळ आणि स्तंभ नोडमध्ये ठेवू नका. ओळींच्या सुरुवातींची एक यादी फाइलपाशी ठेवली की दाखवायच्या वेळी ते काढता येतात.

पण मोजायचं कशात? इंग्रजी सूत्रांवर काम करणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. आपल्याला तो पहिल्याच दिवशी पडतो. ‘हमाली = पोती * ८’ घ्या. त्यातला ८ कितव्या जागेवर आहे, शून्यापासून मोजून? यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या दोन पद्धती. जावाची स्ट्रिंग यूटीएफ-१६ मध्ये मोजते, तिच्या हिशेबाने १५. फाइल यूटीएफ-८ मध्ये असते, तिथे देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून ३३. आणि मुनीम डोळ्यांनी मोजेल तर ‘मा’, ‘ली’, ‘पो’, ‘ती’ ही त्याच्यासाठी एकेक अक्षरं आहेत, म्हणून ११. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी. पायथॉनच्या एएसटी मॉड्यूलमध्ये स्तंभ यूटीएफ-८ बाइटमध्ये मिळतो. एडिटर आणि भाषा-सर्व्हर यांच्यातला एलएसपी करार मुळात यूटीएफ-१६ मध्ये मोजतो, २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून दोघांनी आपसात ठरवून दुसरं एकक घेता येतं. तुम्ही जावात आहात, तर नोडमध्ये यूटीएफ-१६ चाच आकडा ठेवा, सबस्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, सरळ कापता येते. मात्र हे एकक इंटरफेसच्या कॉमेंटमध्ये स्पष्ट लिहा. चौघांपैकी एकाने बाइट धरले आणि दुसऱ्याने अक्षरं, तर इंग्रजी नमुन्यांवर सगळं ठीक चालेल आणि ‘संत्री’ आली की बिघडेल. त्या शब्दात सहा चिन्हं आहेत, डोळ्याला दोनच अक्षरं दिसतात.

यातूनच एक सल्ला. चुकीच्या खाली बाणाची खूण छापण्याची जी पद्धत कंपायलरांमध्ये दिसते, ती देवनागरीला लावू नका. आपली अक्षरं एका मापाची नसतात, रिकाम्या जागा मोजून टाकलेला बाण भलत्याच शब्दाखाली जातो. नोडची जागा घेऊन तेवढा मजकूर रंगवा, आणि संदेशात तोच मजकूर अवतरणात द्या. ‘“पोति” नावाचं काही सापडलं नाही. “पोती” म्हणायचं होतं का?’ हे फोनवर वाचून दाखवलं तरी समजतं.

दुसरी अडचण दिसायला याहून बारीक आहे, पण माझे दोन दिवस तिने घेतले होते. मुनीमाने ‘व्यापाऱ्याचा_भाव’ असं नाव ठेवलं. खालच्या ओळीत तेच नाव, अक्षर न् अक्षर तसंच दिसणारं, आणि प्रोग्राम म्हणतो असं नावच नाही. कारण ‘ऱ्या’तला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक सबंध ऱ, दुसरा र आणि त्याखाली नुक्ता. एका कीबोर्डवरून एक येतो, दुसरीकडून पेस्ट केलं की दुसरा. शिवाय काही जण र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, टाकूनही तेच दिसणं साधतात. पहिल्या दोघांना एनएफसी हे प्रमाणीकरण एक करतं, तिसऱ्याला करत नाही, तो नियम तुम्हाला स्वतः लिहावा लागेल.

इथे मोह होतो की सगळा मजकूर आधीच प्रमाणित करून मग पार्सरला द्यावा. तसं करू नका. दोन चिन्हांचं एक झालं की पुढच्या सगळ्या जागा एकाने सरकतात, आणि तुमचा रंग मुनीमाच्या मजकुरात चुकीच्या ठिकाणी पडतो. नावाच्या नोडमध्ये प्रमाणित नाव वेगळं ठेवा, तुलना त्याने करा. जागा मात्र मूळ मजकुराचीच. आकड्यांचंही तसंच. नोडमध्ये किंमत आणि लिहिलेला मजकूर दोन्ही हवेत, नाहीतर ‘८.५०’ लिहिणाऱ्याला तुम्ही परत छापताना ‘8.5’ दाखवाल. जावाचं पूर्णांक वाचणारं पार्सइंट देवनागरी अंक ओळखतं, दशांश वाचणारं पार्सडबल ओळखत नाही. तसाही पैशांसाठी डबल वापरायचा नाही, बिगडेसिमल वापरा, त्याला आपले अंक चालतात.

बेरीज-गुणाकाराच्या नोडमध्ये चिन्हाची जागाही वेगळी साठवा. शून्याने भाग गेला तर सबंध सूत्र लाल करण्यापेक्षा तो एक भागाकार दाखवता आला पाहिजे.

मुनीम लिहीत असताना सूत्र बहुतेक वेळ अर्धवटच असतं. ‘अडत = वजन *’ इथवर आलं आणि बोटं थांबली. तुमचा पार्सर इथे सगळं सोडून देतो, म्हणून एडिटरमधले रंग उडतात. काही जण उजवीकडे नल ठेवतात, मग प्रत्येक वाचणाऱ्याला नल तपासावा लागतो आणि कुणीतरी विसरतोच. त्याऐवजी चूक हासुद्धा नोडचाच एक प्रकार करा. गोच्या झाडात बॅडएक्स्प्र नावाचा नोड याचसाठी आहे. ट्री-सिटर न समजलेल्या मजकुराला वेगळा आणि गहाळ तुकड्याला वेगळा नोड देतो. तुमच्या गहाळ नोडची सुरुवात आणि शेवट एकच, ‘*’च्या लगेच पुढे, लांबी शून्य. मुलं रिकामी. इंटरफेसच्या दोन्ही प्रश्नांना त्याचं उत्तर खरं आहे. एडिटरला तिथेच सुचवता येतं की इथे काहीतरी हवंय.

पालकाचा दुवा, म्हणजे गेटपेरेंट, काढून टाका. तो ठेवला की खालचा नोड वरच्याशिवाय पुरा होत नाही आणि वरचा खालच्याशिवाय, मग न बदलणारे नोड करताच येत नाहीत. पालक हवा असेल तर झाडावर फिरताना तो पॅरामीटर म्हणून खाली द्या. किंवा एकदा फिरून नोड ते पालक असा तक्ता करा. या तक्त्याला साधा हॅशमॅप नको, आयडेंटिटीहॅशमॅप घ्या, तो फक्त ‘हाच तो नोड का’ एवढंच बघतो. रेकॉर्डची तुलना आतल्या मजकुरावरून होते, त्यामुळे साधा हॅशमॅप प्रत्येक वेळी त्या नोडखालचं सगळं झाड चाळत बसतो.

मोठ्या एडिटरांना पालकही हवा असतो, जागाही हवी असते, आणि दर कळ दाबल्यावर झाडाचा न बदललेला भाग पुन्हा वापरायचाही असतो. झीरो माइलपासून वर्धा रोडला लावलेले किलोमीटरचे दगड आठवा. वाटेत दोन किलोमीटरचा वळसा वाढला तर पुढच्या प्रत्येक दगडावरचा आकडा खोटा ठरतो. दगडावर फक्त ‘पुढचा दगड इतक्या अंतरावर’ एवढंच लिहिलं असतं तर एकच दगड बदलावा लागला असता. मायक्रोसॉफ्टच्या सी-शार्प कंपायलरने, म्हणजे रोझलिनने, हेच केलं. त्यातल्या हिरव्या झाडाच्या नोडला फक्त स्वतःची रुंदी माहीत असते, पालक नाही की जागा नाही. त्यावर लाल झाड, मागेल तेवढंच उभं राहणारं, जे पालक आणि जागा सांगतं. रस्ट भाषेच्या रस्ट-ॲनालायझर या भाषा-सर्व्हरनेही याच धर्तीचं झाड घेतलं. कल्पना सुंदर आहे, समजून घ्या, पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये आणू नका. दीडशे अक्षरांचं सूत्र दर कळीला अथपासून पार्स केलं तरी कुणाला कळणारही नाही.

कंस ठेवायचे का, असंही तुम्ही विचारलंय. हिशेबाला नकोत. पण सूत्र परत छापून दाखवणार असाल तर ठेवा. मुनीमाने स्वतःच्या समजुतीसाठी घातलेला कंस आपण गिळला तर पुढच्या वेळी त्याला ते सूत्र आपलं वाटत नाही. गोच्या झाडात कंसाला स्वतंत्र नोड आहे. शेऱ्यांचं, म्हणजे कॉमेंटचं, मात्र गोकडून उचलू नका. तिथे बहुतेक शेरे फाइलच्या वेगळ्या यादीत असतात आणि नुसत्या जागेवरून जुळवले जातात, त्यामुळे झाड बदलून छापलं की शेरे भलतीकडे जाऊन बसतात. ‘दिवाळीपर्यंतच हा दर’ असा शेरा चुकीच्या सूत्राशेजारी गेला तर पैशाचा घोटाळा होईल. तुमच्याकडे शेरा सूत्राच्या शेवटीच येतो, तर तो नेमणुकीच्या नोडमध्येच एक रकाना म्हणून ठेवा.

दोन मेथडचा इंटरफेस असला की एक चाचणी फुकट मिळते, आणि ती मी कधीच सोडत नाही. कोणतंही सूत्र पार्स करा आणि झाडावर फिरत प्रत्येक नोडला तपासा. मुलाची जागा पालकाच्या आत आहे का? भावंडं क्रमाने आहेत का, एकमेकांवर चढत तर नाहीत? नावाच्या नोडच्या जागेवरचा मजकूर कापून प्रमाणित केला तर तेच नाव येतं का? बाजारातली खरी सूत्रं यातून घाला, आणि प्रत्येक सूत्र शेवटून एकेक चिन्ह तोडत पुन्हा घाला. अर्धवट सूत्रांवर पार्सर कुठे घसरतो ते तासाभरात दिसेल.

आहे त्या कोडातून इकडे यायचं तर आधी फक्त जागा आणा, बाकी कशाला हात लावू नका, आणि ही चाचणी हिरवी, म्हणजे पास, करा. मग इव्हॅल्युएट आणि प्रिंट बाहेर काढा. गेटलेफ्ट-गेटराइट सगळ्यात शेवटी इंटरफेसमधून पुसा. जिथे जिथे कोड तुटेल ती प्रत्येक जागा म्हणजे नोडचा प्रकार न विचारता त्याच्या आत हात घातलेला होता, तिथे स्विच येईल. तुमच्या आकाराच्या कोडाला एक आठवडा धरा. सबमिशनच्या आधी एकदा कळमन्याला जा, मुनीमांना मुद्दाम चुकीचं सूत्र टाकायला सांगा, आणि काही न बोलता त्यांची नजर पडद्यावर कुठे जाते ते बघा.